तोंडावर एकही डाग नाही

माझ्या तोंडावर एकही डाग नाही. साठी कधीच ओलांडली, सुरकुत्या पडल्या, डाव्या गालावरचा तीळ वाढून चवळीएवढा झाला, पण माय ज्याला डाग म्हणायची तो एकही नाही. सासरहून राखीला, दिवाळीला माहेरी आले की माय आधी पाण्याचा तांब्या हातात द्यायची आणि मग दोन्ही हातांनी माझं तोंड धरून उन्हाकडे वळवायची. जन्मभर मिरच्या तोडून खरबरीत झालेला तिचा अंगठा माझ्या कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून फिरायचा आणि ती म्हणायची, "एक डाग नाई ठेवला मायनं." ही माय म्हणजे गावाबाहेर निंबाखालच्या ओट्यावर बसलेली शेंदराची मातामाय. मी कसनुशी हसायची आणि तोंड सोडवून घ्यायची. ते हसणं कसलं होतं हे मी आजवर कुठे लिहिलं नाही. आता लिहिते, कारण ते वाचून दुखावणारं माणूस उरलं नाही.

आमच्या गावच्या शाळेत झेंडावंदनाला मला दरवर्षी बोलावतात. गजाननच्या फोटोला हार घालायचा, 'वीरभगिनी' म्हणून शाल घ्यायची आणि पाच मिनिटं बोलायचं. मी आयुष्यभर मास्तरीणच होते, त्यामुळे पाच मिनिटं बोलणं मला जड नाही. गजादादा लहानपणापासून धाडसी होता, विहिरीत उडी मारून त्याने वासरू काढलं, देशासाठी प्राण दिले, जयहिंद. पोरं टाळ्या वाजवतात. वासरू त्याने काढलं नव्हतं, आमच्या बाबांनी काढलं होतं. गजादादा काठावर उभा राहून दोर सोडत होता आणि घाबरून रडत होता. पण टाळ्यांच्या जागी रडणं सांगता येत नाही. खरं म्हणजे त्याच्याबद्दल मला जे सांगायचं आहे ते पाच मिनिटांचं नाहीच.

आमचं गाव वरवट बकालच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याकडे. गावातलं पाणी मचूळ, त्यात डाळ शिजता शिजत नसे. पण आमच्या मळ्यातल्या विहिरीला गोड पाणी होतं, आणि त्यावर बाबा वांगी, मिरची, कांदा करायचे. बाजाराच्या दिवशी वरवट बकालला बैलगाडीत टोपल्या जायच्या. घर मळ्यातच होतं, तीन खोल्यांचं, मातीचं, पुढे ओसरी. सकाळी जाग यायची ती मोटेच्या करकरीने, आणि मिरच्यांच्या दिवसांत शिंकांनी; अंगणभर मिरच्या वाळत घातलेल्या असायच्या आणि वारा फिरला की घरातली पाचही माणसं एकामागून एक शिंकायची. पाच म्हणजे माय, बाबा, गजादादा, मी आणि बाबांची थोरली बहीण गोदाआत्या. आत्या लहानपणीच विधवा होऊन भावाकडे आली होती आणि घरातल्या सगळ्या रीतिभातींची ती मालकीण होती. कोणत्या दिवशी डोक्यावरून न्हायचं, कोणत्या वाराला पीठ दळायचं नाही, हे आत्याने सांगायचं आणि घराने ऐकायचं. माय मान हलवायची, बाबा तेवढीही हलवायचे नाहीत, पण होत असे ते आत्याचंच.

गजादादा पलटणीत जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यात तो लग्नासाठी सुट्टीवर आला. काळी पेटी डोक्यावर घेऊन तो बांधावरून चालत आला तेव्हा आमचा कुत्रा त्याच्यावर भुंकला आणि दादा म्हणाला, "काय बे, मले वळखत नाई का? तुह्या बापाले भाकर म्या टाकली!" पहाटे सगळ्यांच्या आधी उठून तो अंथरूण अशी गुंडाळी करून ठेवायचा की मायला ते पुन्हा उलगडायला जिवावर यायचं. निंबाच्या बुंध्याला आरसा टांगून दाढी करायचा. बोलताना मध्येच हिंदी यायची. "ठीक है," तो म्हणायचा, आणि आत्या विचारायची, "कोन ठीक हाये रे?" जेवायला बसला की त्याला ठेचाच हवा. नाक गळेपर्यंत खायचा आणि म्हणायचा, "फौजेत सगळं भेटते माय, पण मिरची नाई भेटत. लाल रंग भेटते नुसता." माय रोज त्याच्यासाठी ताजा ठेचा वाटायची. मला तो 'हवालदार' म्हणायचा. मी तेरा वर्षांची, काडीसारखी, आणि बोलायला तिखट. आमच्यात नऊ वर्षांचं अंतर होतं; मधली दोन भावंडं राहिली नव्हती.

मुलगी दोन कोसांवरच्या गावची, शांता नावाची. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालेलं होतं. त्या दिवशी शांताच्या भावांनी मला सरबत म्हणून मिठाचं पाणी पाजलं होतं आणि सगळी पंगत माझ्याकडे बघून हसली होती. लग्नात अशा थट्टा चालायच्याच. पण मी ते मनात ठेवलं होतं. लग्न आमच्याच मळ्यात होतं, सहा दिवसांवर आलं होतं. मला ठाऊक होतं की शांताचे भाऊ कुठे बसणार, कोणत्या घोंगडीवर. ती घोंगडी आमचीच होती. आणि मला हेही ठाऊक होतं की नाल्याच्या काठी, जिथे जायला मला सक्त मनाई होती, तिथे वाळलेल्या शेंगांचा एक वेल आहे. खाजकुइली. शेंगेवरची सोनेरी लव नुसती घोंगडीवर झटकली की काम झालं.

दुपारी सगळे मळ्यात असताना मी गेले. शेंगा तोडून परकराच्या ओच्यात घेतल्या. शहाणपण एवढं की हाताला फडकं गुंडाळलं होतं, आणि अक्कल एवढी की वाऱ्याकडे तोंड करून उभी होते. सगळी लव माझ्या तोंडावर, मानेवर, पोलक्याच्या आत. शेंगा फेकून मी पळत सुटले, उन्हातून, अनवाणी. एक शेंग तेवढी ओच्याच्या घडीत राहिली. घरी पोचले तेव्हा डोळे बारीक झाले होते, तोंडावर, हातांवर गांधी उठल्या होत्या आणि अंग उन्हाने तापलं होतं.

माय हातातलं टोपलं टाकून धावली. त्या फाल्गुनात शेजारच्या गावात मातेने दोन लेकरं गेली होती, एकाचे डोळे गेले होते. देवीच्या रोगाला तेव्हा आमच्याकडे कोणी रोग म्हणत नसे. अंगावर माता आली, एवढंच म्हणायचं, तेही हात जोडून. आत्याने माझी हनुवटी वर केली, नीट पाहिलं आणि विचारलं, "कुठं गेल्ती वं?"

"कुठंच नाई. घरीच होती," मी म्हणाले.

या दोन वाक्यांनी पुढचं सगळं झालं. आत्याला खाजकुइली कळत नव्हती असं थोडंच आहे? तिने मुद्दाम विचारलं होतं. मी नाल्यावर गेले होते म्हटलं असतं, तर दोन थपडा बसल्या असत्या, शेण-माती अंगाला चोळून मला विहिरीवर बसवलं असतं आणि संध्याकाळी सगळे हसले असते. पण मी मार खायला भ्याले. आत्याने डोक्यावर पदर घेतला आणि माझ्यापुढे, तेरा वर्षांच्या खोटारड्या पोरीपुढे, हात जोडले. "ये माय," ती म्हणाली. "शांत राय. लेकराले सांभाळ."

मग घर बदललं. दाराला निंबाचा डहाळा लागला. चुलीवर फोडणी बंद, तेल बंद, हळद बंद. घरात चपला नाहीत, मोठ्याने बोलणं नाही, परक्या माणसाला आत येणं नाही. मला ओसरीच्या आतल्या खोलीत निंबाच्या पाल्यावर निजवलं. आणि गजादादा माझ्या उशाशी बसला. डहाळीने वारा घालत, माशा हाकत, तासन्‌तास. "खाजवू नोको हवालदार," तो म्हणायचा. "डाग पडतीन. मंग तुह्यासाठी नवरा कुठून आणू मी? पलटणीतले सारे आंधळे धुंडा लागतीन." मी हसले की तो म्हणायचा, "हसली! माय, हसली पाह्य!" तीन वर्षांत त्याने माझ्याकडे एवढं लक्ष दिलं नव्हतं, आणि चार दिवसांनी तर तो शांताचाच होणार होता. मला ते उशाशी बसणं आवडलं होतं. लाज वाटते, पण तेही लिहायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गांधी बसायला लागल्या. आत्या आली, वाकून पाहिलं आणि भुवया आक्रसून म्हणाली, "हे तं बसून राह्यलं वाटते." तिच्या आवाजात शंका होती. ती बाहेर गेली तशी मी उठले. कणगीच्या मागे चिंधीत गुंडाळून ठेवलेली ती एक शेंग काढली आणि पुन्हा लावली. कपाळाला, गालांना, हातांना. पहिल्या वेळची चूक होती. वाऱ्याची म्हणा, पोरवयाची म्हणा. दुसऱ्या वेळी हात माझाच होता. मी दातांत परकराचा काठ धरून पडले आणि माय आत आली, तिने मला पाहिलं, आणि तशीच, भर उन्हात, अनवाणी मातामायच्या ओट्याकडे निघून गेली. ती तिथे काय बोलून आली ते मला कळायला आठ महिने लागले.

तिसऱ्या दिवशी शांताचे वडील आले. रीतीप्रमाणे ते कुंपणाबाहेरच उभे राहिले, बाबा आत. दोघांनीही डोक्यावरच्या टोप्या काढून हातात घेतलेल्या. माता घरात असताना हळद लागत नाही, हे कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती. माता उतरल्याचं न्हाणं होऊन घर मोकळं होईपर्यंत तिथी टळत होती, आणि पुढची तिथी यायच्या आत दादाची सुट्टी संपत होती. "मातामायचा मान मोठा," शांताचे वडील म्हणाले. "तुळशीचं लगन झाल्यावर करू. घाई कायची हाय? पोरगं कुठं पळून चाललं का?" गजादादा माझ्या उशाशी बसून हे ऐकत होता. तो हसला. मला म्हणाला, "घे, तुह्या पायी माह्या बुंदीचे लाडू गेले." मी तेव्हा बोलू शकत होते. तोंड उघडायचा अवकाश होता. पण आता तर थपडांवर भागलं नसतं, दोन गावांत बोभाटा झाला असता, असं मला वाटलं. मी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

न्हाणं झालं, मातामायला दहीभाताचा थंडा नैवेद्य गेला. गजादादा जायला निघाला तेव्हा आम्ही सगळे वरवट बकालपर्यंत बैलगाडीने गेलो. मोटार सुटायच्या आधी त्याने माझं तोंड धरून इकडून तिकडून तपासलं. "कपाळावर हाय का काई? नाई. बेस्ट! सलाम हवालदार." मी सलाम केला. मायने ठेच्याची बरणी त्याच्या पिशवीत कोंबली आणि पदराचं टोक दातांत धरून उभी राहिली. दर पत्रात तो विचारायचा, वच्छीच्या, म्हणजे माझ्या, तोंडावर डाग तर राहिले नाहीत ना. मी उत्तर लिहायची की नाहीत. पत्रं मीच लिहायची, घरात लिहिणारी मी एकटीच होते.

दिवाळीला त्याला सुट्टी मिळाली नाही. तुळशीचं लग्न झालं, मळ्यात वांगी लगडली, आणि लढाई सुरू झाली. बाबा रोज संध्याकाळी गावात शिंप्याच्या दुकानी रेडिओ ऐकायला जायचे आणि परत येऊन म्हणायचे, "आपलेच पुढं जाऊन राह्यले." माय विचारायची, "पुढं म्हणजे कुठं?" ते बाबांनाही ठाऊक नसायचं. लढाई फार दिवस चालली नाही. थांबली त्या दिवशी शिंप्याने गूळ वाटला आणि बाबांनी तो कागदात बांधून घरी आणला. आम्ही तो खाल्ला. दोन दिवसांनी तार आली. तार इंग्रजीत होती, म्हणून पोस्टमनने शाळेच्या मास्तरांना सोबत आणलं होतं. मास्तर अंगणात उभे राहिले आणि वाळत घातलेल्या मिरच्यांकडे बघत बोलले. गूळ खाल्ला तेव्हा त्याला जाऊन चार दिवस झाले होते.

माय रडली नाही. ती मिरच्यांतून चालत, त्या पायांखाली चिरडत, अंगणाच्या कडेपर्यंत गेली आणि ओरडली, "म्या देल्ला! म्याच देल्ला त्याले!" बायकांनी तिला धरलं. सगळ्यांना वाटलं, पलटणीत जाऊ दिलं म्हणून म्हणते.

शव येणार नव्हतं. तिकडेच अग्नी दिला, असं मास्तरांनी सांगितलं. म्हणून आत्याने ठरवलं की कणकेचं माणूस करून त्याला इथे अग्नी द्यायचा. आणि त्याच्याआधी आणखी एक करायचं. बिनलग्नाचा गेलेला पोरगा मुंजा होतो, पिंपळावर बसतो, त्याला गती मिळत नाही. म्हणून त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावायचं. बाबा पहिल्यांदाच आत्यावर चिडले. "शिपाई होता तो! शिपाई मुंजा होत नसते!" आत्या रडत म्हणाली, "शिपाई होता, पण नवरदेव कुठं झाला रे तो?" बाबा उठून विहिरीकडे निघून गेले. तो का झाला नाही, ते मला ठाऊक होतं.

कणीक मायने स्वतः मळली. आत्या शेजारी, मी पाणी घालायला. परातीत हात, डोकं, पाय असं एकेक होत गेलं. मायने त्याचे खांदे पुन्हा पुन्हा मोडून रुंद केले. आणि तेव्हा, हात न थांबवता, ती आत्याला म्हणाली, "अक्का, म्या मातामायले बोलली होती. वच्छीच्या वक्ती. दुसऱ्या दिवशी पोरगी लय सुजली ना, तवा. म्हणलं, माही पोर सोड. बदल्यात माह्या घरातलं तुले पायजे ते घेऊन जाय. म्या मोकळ्या तोंडानं म्हणलं, अक्का. गाय घे, बैल घे, असं म्हणाले पायजे होतं. पायजे ते, म्हणलं."

आत्याने कणकेचे हात तसेच मायच्या पाठीवर ठेवले. म्हणाली, "तिनं घेतला, अन् पोर ठेवली. एक डाग नाई ठेवला तोंडावर. आता तिले दोष नोको देऊ."

पाण्याचा गडवा माझ्या हातात होता. त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं. माय, ती माता नव्हती, खाजकुइली होती. तुझा नवस कोणी ऐकलाच नाही. मी गडवा खाली ठेवला, उठले आणि गोठ्यामागे जाऊन बसले. लोक म्हणाले, पोरीने फार मनाला लावून घेतलं.

लग्न नाल्याकाठी लागलं, कारण रुई तिथेच होती. झाडाला पिवळं फडकं गुंडाळलं, फांद्यांत हिरव्या बांगड्या अडकवल्या, हळद लावली. मामाने सुपात कणकेचा गजादादा धरला होता. डोक्यावर त्याचीच खाकी टोपी, ती त्या डोक्याला फार मोठी झाली होती. मध्ये बाबांच्या धोतराचा अंतरपाट. मी करवली. नवं परकर-पोलकं घालून, उन्हाळ्यातल्या लग्नासाठीच शिवलेलं, नवऱ्यामागे पाण्याचा कलश घेऊन उभी. रुईच्या मागे तो वेल होता. त्याला नव्या शेंगा लागल्या होत्या, अजून हिरव्या. महाराजांनी मंगलाष्टकं तोंडातल्या तोंडात म्हटली. शेवटचं सावधान झालं, अंतरपाट खाली आला, आणि सवयीने कोणा एका बाईने टाळी वाजवली. एकच. मग तिला आठवलं असावं. तिने दोन्ही हात पदरात लपवले. त्यानंतर तिथेच, दहा पावलांवर, नवरदेवाला अग्नी दिला. कणीक जळताना भाकरीसारखा वास येतो. मला तो वास आजही सोसत नाही. माझ्या घरात भाकर करपली की मी बाहेर जाऊन उभी राहते, आणि सुनेला वाटतं मी तिच्यावर रागावले.

महिन्याभराने पेटी आली. गणवेश, दाढीचं सामान, आम्ही पाठवलेली पत्रं, ठेच्याची रिकामी बरणी घासून लख्ख केलेली. तळाशी एक हिरवी साडी, शांतासाठी. आणि मलमाची एक डबी. तिच्यावर त्याच्या वाकड्या अक्षरात चिकटवलेला कागद: 'वच्छीसाठी. डागावर लावणे.' साडी मायने शांताकडे पाठवली, पण तिच्या वडिलांनी हात जोडून परत केली. त्या उन्हाळ्यात शांताचं दुसरीकडे लग्न झालं. लोक म्हणायचे, पोरीचं नशीब मोठं, नाहीतर सतराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं असतं. मीही पुष्कळदा स्वतःला हे सांगून पाहिलं आहे. गोळी मी झाडली नाही, हेही मला कळतं. लग्न झालं असतं तरी तो जाणारच होता. कळून काही उपयोग होत नाही.

माय मात्र पुढची पंचेचाळीस वर्षं दर मंगळवारी मातामायला दहीभाकर घेऊन गेली. आत्या गेली, बाबा गेले, मळ्यावर मोट जाऊन मोटर आली, देवीचा रोग जगातून गेल्याचं मी शाळेतल्या पोरांना शिकवलं. मंगळवार चुकला नाही. रागाने नाही, भक्तीनेही नसावं. दिलेला मुलगा जिथे आहे तिथे भेटायला जावं, तशी ती जायची. मी शिकले, नोकरी लागली, लग्न झालं, लेकरं झाली. प्रत्येक वेळी ती माझं तोंड उन्हाकडे वळवायची. ती मला कधीच म्हणाली नाही की तुझ्या बदल्यात तो गेला. तिच्या अंगठ्यात ते असायचं. मला वाटायचं, या बाईने आयुष्यभर स्वतःला पोराची मारेकरीण मानलं, आणि हे ओझं उतरवायला माझं एक वाक्य पुरेसं आहे. निवृत्त झाले त्या हिवाळ्यात मी ठरवलं की बस झालं. ती मरायच्या आत तिला मोकळी करायची.

ओसरीवर ऊन आलं होतं. माय तुरीच्या शेंगा सोलत होती. मी समोर बसले आणि सांगितलं, नाल्यापासून कणगीमागच्या चिंधीपर्यंत सगळं. ती ऐकत होती. शेंगा सोलणं थांबलं नाही.

"अन् दुसऱ्या दिवशी?" तिने विचारलं.

"दुसऱ्या दिवशी म्या परत लावली, माय."

"म्हणजे माता आलीच नोती?"

"नाई."

"मंग माहं बोलनं कोनी ऐकलंच नाई."

"कोनीच नाई, माय. तू कोनाले देल्ला नाई त्याले. तुहा काई दोष नाई." मी रडत होते, आणि मनात कुठेतरी हलकीही होत होते. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण तेराव्या वर्षाची थप्पड खायला तयार होऊन बसले होते.

मायचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. असता तर बरं झालं असतं.

"मंग माहा गजू कायच्यासाठी गेला वं?"

मला शाळेतलं भाषण आठवलं. दुसरं काही आठवेना. मी म्हणाले, "देशासाठी, माय."

"देशाले म्या देल्लाच नोता," ती म्हणाली. "म्या मातामायले देल्ला होता. तुह्यासाठी." तिने सोललेले दाणे आणि टरफलं एकाच टोपलीत लोटली आणि विचारलं, "तू काऊन सांगतलं मले?"

मंगळवार आला. मी अजून तिथेच होते. सकाळी मी भाकर केली, दही काढलं, फडक्यात बांधून तिच्यापुढे ठेवलं. तिने फडक्याकडे पाहिलंही नाही. दुपारी ते मी कुत्र्याला घातलं. पुढच्या मंगळवारीही ती गेली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. वहिवाट मोडली तशी ती बोलायचीही थांबली. शेजारणी म्हणायच्या, म्हातारीचं आता मन नाही कशात. ज्या एका गोष्टीवर ती पंचेचाळीस वर्षं उभी होती, ती मी तिच्या भल्यासाठी तिच्या पायाखालून काढून घेतली होती.

संक्रांतीला मी पुन्हा गेले. अंगणात पाय ठेवला, मायने तांब्या दिला. मी पाणी प्याले आणि सवयीने तोंड पुढे केलं, उन्हाकडे, डोळे मिटून. बराच वेळ काही झालं नाही. डोळे उघडले तेव्हा ती रिकामा तांब्या घेऊन आत चालली होती.